चार खटके

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी मजेत आहे. एका जागी तीन महिने टिकलो, तेव्हा आईला म्हणावं आता देव पाण्यातून काढ. इथे नेमबाजीच्या रायफली दुरुस्त करतो. मिस्त्री तोंडाने फाटका, पण हातात जादू.

तू लिहिलंस, एक तारखेला तुझी रायफल क्लबला देऊन टाकणार. "माझा हातच कापतो, पेटी कशाला अडवून ठेवू?" थांब ताई. आधी हे वाच.

परवा एका गिऱ्हाइकाची रायफल मी झाडून बघितली. छर्रे डावीकडे पडले, म्हणून नेम धरायची मागची साइट उजवीकडे फिरवायला गेलो. मिस्त्रीने हातावर फटका दिला. "अरे शहाण्या, ती त्याच्या डोळ्याला लावलीय! उद्या माझा चष्मा घालशील आणि म्हणशील काचा बिघडल्या!"

सगळे हसले. मला तुझी रायफल आठवली.

संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी तुझी रायफल पुसायला मी घेतली होती ना? पुसून झाल्यावर पाच छर्रे मारले. सगळे डावीकडे. मला वाटलं, साइट हललीय. चार खटके उजवीकडे फिरवली आणि मोठं काम केल्यासारखी शीळ घालत पेटी बंद केली. तुला बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाचे छर्रे दिलेच नाहीत, थेट गुण धरले. तुझा एकूण एक छर्रा उजवीकडे गेला. सर म्हणाले, "पोरीचा हात कापतो." तुझी पाण्याची बाटली धरून मी शेजारीच उभा होतो. कळलं होतं मला. तोंड उघडलं नाही. महिन्याभरात कामाचं निमित्त काढून पळालो, आणि तू मला वाटेसाठी डबा बांधून दिलास.

त्या दिवसाचा निशाण्याचा कागद तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलायस. जाऊन बघ. हात कापला असता तर भोकं चहूकडे विखुरली असती. तुझी सगळी कोटाच्या एका बटणाखाली झाकली जातील. जागा तेवढी चुकली, ती मी चुकवली.

तेव्हापासून पेटी उघडलेली नाही असं तू लिहिलंयस, म्हणजे साइट मी ठेवली तिथेच असणार. मागची चार खटके डावीकडे घे. नळीच्या टोकावरच्या माशीला हात लावू नकोस. पाच छर्रे मार, मग काय ते ठरव.

शिव्या पोटभर घाल, पण तो नवा कागद सोबत पाठव.

अक्षर वेडंवाकडं आलंय. या खेपेला कापतोय तो हात माझा.

तुझाच,
धाकटा