पंपाले सुट्टी दिली त्याची हकिगत

॥ श्री ॥
होडीवरून, रामटेकजवळचा तलाव

नागपूर मुक्कामी विहीणबाई नीलाबाई यांस जिजाबाईचा नमस्कार. इकडे मी, होडी आणि कोंबडी, तिघीही तरंगून आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? लिफ्ट सुरू झाली का, का अजून तिसऱ्या मजल्यावरून दोरीले पिशवी बांधूनच भाजी घेता? (मी काठाले टेकवलेल्या फळीवरून उतरली की जमिनीवर असते.) चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, होडी हलते तसं तेही हलते, सांभाळून वाचा.

तुम्ही मुग्धाले सांगितलं म्हणे, की तुझ्या सासूले आता वाडीले तुमच्या घरी आणून ठेवा, या वयात पाण्यावर राहणं बरं नाही. माझी काळजी केली, उपकार झाले. पण वाडीची ती खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की ट्रकचं चाक दिसते, लावली की ड्रायव्हरचा खोकला ऐकू येते. विक्रमच्या बाबांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाल्यावर ही जुनी टुरिस्टची होडी घेतली, टिनाचं छत घातलं, झोपायले दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकल्या, इंजिन, बॅटरी, पंप सगळं बसवलं आणि राहायची वेळ आली तेव्हा स्वतः निघून गेले. आता मशिनी मी पाहते. दुसरं कोण पाहणार, ते काही वरून पाना फेकत नाहीत.

तर तुमचं बोलणं कानावर गेल्यावर विक्रमनं मले सांगून टाकलं. नवमीले सगळे येतो, दसरा तिथंच करतो, होडी ठीक चालली तर राहा, नाही तर सामान बांधून आमच्याच गाडीत बस. मी म्हटलं, ये. छतावरची सोलरची काच घासली (बगळ्याले दुसरी जागा सापडत नाही), बॅटरीत पाणी घातलं, वायरची टोकं खरडली. दसऱ्याले सगळ्यांना तलावात फेरी मारून दाखवायची होती. आता हे नीट ऐका. पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथून होडीबाहेर निघते, तिथं ग्रीस लावलेली दोरी भरलेली असते आणि वरून नट आवळलेला असते. होडी चालवायची तर तो नट जरा सैल पाहिजे, थेंब थेंब पाणी आत आलं पाहिजे, नाही तर दांडा तापते. (तुमच्या फ्लॅटमध्ये गळलं की प्लंबर येते, इथं थोडं गळणं म्हणजे तब्येत बरी.) ते पाणी तळाले जमते आणि पंप आपोआप बाहेर फेकते. नवमीले पान्याले हात लावायचा नाही, म्हणून नट मी अष्टमीलेच सैल करून ठेवला. जरा जास्तच झाला असेल.

नवमीले आमच्याकडे पाना, पेंचिस, हातोडी सगळे पाटावर बसतात. त्या दिवशी मशीन चालवायची नाही, तिले हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, आराम द्यायचा. मी इंजिनले हार घातला, बॅटरीले घातला, पंपाले तर सगळ्यात मोठा झेंडूचा घातला, बिचारा रात्रंदिवस राबते म्हणून. आणि त्याचं बटन बंद केलं.

मंडळी आली, पानावर बसली. वरण वाढून राहिली होती, तेवढ्यात खुशी म्हणते, "आजी, माझी चप्पल चालून राहिली." पाहते तर पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून पाणी वर. पळत जाऊन बटन दाबलं, पंप एकदा गुरगुरला आणि घशात झेंडू अडकून गप्प झाला. विक्रम काही ओरडला नाही. गुडघ्यापर्यंत पँट दुमडली आणि म्हणाला, "आई, पंपाले आराम दिला, तर त्या भोकालेही सांगायचं होतं, आज सुट्टी आहे म्हणून."

मग जे हाती लागलं त्यानं उपसलं. विक्रमच्या हाती भाताचा गंज, मुग्धाच्या हाती माझं पातेलं. खोटं काहून बोलू, तुमची पोरगी नव्या साडीचा काष्टा मारून माझ्या पोरापेक्षा जोरात उपसून राहिली होती. मी पाटावरचा पाना उचलला, नट आवळला, पंपाच्या तोंडात हात घालून फुलं ओढून काढली. तेव्हा कुठं तो चालला. जेवण आम्ही फळ्यांवर पाय वर घेऊन केलं, पण केलं.

तेव्हापासून मी गप्प बसली नाही. पंपाच्या तोंडाले चहाची गाळणी बांधली. वर दुसरा पंप बसवला, त्याची वायर सरळ बॅटरीवर, मधात बटनच नाही, म्हणजे माझ्या भक्तीचा हात पोचत नाही. आणि वाडीहून ट्रकचा भोंगा मागवून तरंगत्या खटक्याले जोडला. पाणी चढलं की बोंबलते. लावून पाहिला तर काठावरचा ढीमर जाळं टाकून पळाला. विक्रमनं येऊन सगळं पाहिलं आणि राहा म्हणाला. एक अट घातली, किरकोळ आहे.

तेव्हा माझी काळजी सोडा. मले कोणाची गरज नाही. गुडघ्याले तेल लावत जा.

तुमची विहीण,
जिजाबाई

ता. क. ती अट अशी, की दिवाळीपर्यंत सोबतीले कोणी बाई पाहा, एकटीनं राहायचं नाही, नाही तर वाडी. मी गावात दोघीतिघींना विचारलं, त्यांना पाणी आवडत नाही. (मी आवडत नसेल, पण पाण्यावर ढकलतात.) दुसरी फळी रिकामी आहे. इथं जिने नाहीत. उशी आपली आपण आणा, आणि तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी पडून आहे म्हणे, तीही आणा, त्या बाजूले दिवा नाही.

आणखी एक. त्या फळीवर वजन पडलं की होडी कलते, तळाचं पाणी खटक्याकडे जाते आणि भोंगा वाजते. तुम्ही बसल्यावर वाजला तर मनावर घेऊ नका. पाण्याचे दोन हंडे भरून ठेवून पाहिले, तरी वाजला. म्हणून गॅसचं सिलिंडर कालच माझ्या बाजूले सरकवून ठेवलं आहे.