स्टेडियमच्या हिरवळीचं पाणी

लखनौ, १२ मे २०११

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे.

स्पर्धेसाठी बांधलेल्या स्टेडियमची हिरवळ बोअरचं पाणी पिते आणि इथे शेजारच्या जानकीपुरम कॉलनीचे नळ चार दिवस कोरडे आहेत. मी भूजल अहवालात 'पाणी पुरणार नाही' असं लिहिलं होतं. साहेबांनी 'पुरेल' करायला लावलं. "मॅडम, घास हरी दिखनी चाहिए," असं म्हणून वर हसलेही.

तोंडी हुकूम कागदावर उतरवायचा, हे तुम्ही पाटबंधारे खात्यात शिकलात आणि मला शिकवलंत. मी फाइलवर शेरा लिहिला, 'साहेबांच्या तोंडी आदेशावरून बदल.' त्यांनी न वाचताच सही ठोकली.

काल कॉलनीवाल्यांनी माहिती अधिकारात तीच फाइल मागवली. शेऱ्याच्या पानाची झेरॉक्स मीच काढली, सही ठळक उमटेपर्यंत तीनदा.

आईचे गुडघे कसे आहेत? माझी बदली झाली तर तिला एवढंच सांगा, पोरगी बापावर गेली.

तुमची,
देवयानी