ल्युबेकमध्ये कसली मिस्सा

हॅमिल्टन, कॅनडा, रविवार

प्रिय सिरीलदादा,

जर्मनीतल्या ल्युबेक शहराविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. तिथल्या जुन्या गावातल्या दगडी रस्त्याने माझ्या नव्या बॅगेचं चाक खाल्लं. लोक त्या रस्त्याचे फोटो काढतात. आमच्या हॅमिल्टनमध्ये असता तर सिटीला रोज शिव्यांचे फोन गेले असते. वर निकोल म्हणते, "डॅड, यू पॅक्ड टू मच." लेकीला बापाचंच चुकलेलं दिसतं.

आई गेली तेव्हा तुझं जहाज याच बंदरात होतं. तू फोनवर म्हणालास, "कप्तान घरी सोडत नाही रे. इथल्याच चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगतो." मी म्हणालो, "प्रोटेस्टंटांच्या गावात कसली मिस्सा? थापा मारू नकोस. फिर मजेत." तो राग मी चौदा वर्षं सांभाळला. जानेवारीत तू गेलास, तर वसईला तुझ्या मातीलाही आलो नाही. स्नोस्टॉर्म आहे असं कळवलं. विमानं उडत होती, दादा.

आणि मेलेल्या माणसाला खोटं पाडायला मात्र सुट्टी मिळाली. असा तुझा भाऊ.

एका बोळात कॅथलिक चर्च निघालं. सिस्टरने, मिस्सा कुणासाठी सांगितली ती नावं लिहायची जुनी वही शोधून दिली. जर्मन नावांच्या रांगेत तुझ्या वाकड्या अक्षरात एकच मराठी शब्द होता: आई.

"डॅड, व्हॉट डझ इट से?" निकोलने विचारलं.

सिस्टरने चालू वही पुढे केली. मी तीत 'दादा' लिहिलं आणि मिस्सा संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो.

तुझा,
लिओनेल