धुंडीपासूनचे महिने

रविवार, १ ऑक्टोबर २००६

पडदा कोरा! दोन तास झाले, साकेतदादाच्या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर एक ठिपका उमटेना. दादाने पुण्याहून पाठवताना फोनवर दहा वेळा बजावलं – जपून वापर. कसा वापरायचा ते एकदाही सांगितलं नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर

ठिपके होते, पण पडद्याच्या हद्दीबाहेर. अक्ष कुठून कुठपर्यंत ते आधी सांगावं लागतं. माझा आडवा अक्ष दहाला संपत होता आणि सरावाचे आकडे मी भरले होते वीस-पंचवीस. चूक माझी, शिव्या खाल्ल्या यंत्राने.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय पक्का केला. जवळच्या बंजारा तांड्यावरची तीन वर्षांखालची मुलं – आडवं वय, उभं वजन. जी फार हलकी निघतील त्यांना सतरा तारखेला दिग्रसच्या कुपोषण शिबिरात न्यायचं. तिथल्या डॉक्टरांनी दहा जागा दिल्या आहेत. दहाच.

रविवार, ८ ऑक्टोबर

तांड्यावर दिवस गेला. तांड्याचे प्रमुख, नायक प्रेमसिंग, यांनी काटा टांगायला ओसरीचा वासा दिला. झोळीत एकेक पोर घालायचं, ते भोकांड पसरणार, काटा हलणार, मी ओरडणार – असं एकतीस वेळा.

जन्माचे दाखले मोजून दोन. तांड्यावरच्या हंसाबाई घरोघर बरोबर फिरल्या, वयं त्यांनीच सांगितली. पोरींची कापसावरून: "हे मागच्या साली दुसऱ्या वेच्यात झाली." पोरांची होळीवरून. मुलगा झाला की होळीला त्याची धुंड करतात, मोठा सोहळा असतो म्हणे. "धुंडीले सात महिने झाले," असं सांगायच्या, मी सात लिहायचे. दोन बाळांचं वयच सांगेनात – "त्याची धुंड व्हायची हाये अजून."

हंसाबाईंचा नातू लखन, सात महिने, सहा किलो सातशे. माझं बोट कचकन चावला! सात महिन्यांच्या पोराला इतके दात असतात? लाडाचा दिसतो. नात लाली अकरा महिन्यांची, सहा किलो सहाशे. ती नुसती बघत बसली होती.

सोमवार, ९ ऑक्टोबर

एका यादीत वजनं, दुसरीत वयं. यंत्र अडून बसलं – वजनं एकतीस, वयं एकोणतीस. धुंड न झालेले ते दोघे! त्यांना वगळलं.

मग मुलग्यांना चौकोन, मुलींना अधिकची खूण, आणि सरकारी तक्त्यावरून कमी वजनाच्या हद्दीची एक रेषा. चौकोन जवळजवळ सगळे रेषेच्या वर. अधिक बहुतेक खाली. लखन वर, लाली खाली. एकाच घरात!

पोरींना उपाशी ठेवतात. अंगाचा तिळपापड झाला. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला – प्रकल्पाला निष्कर्ष मिळाला.

मंगळवार, १० ऑक्टोबर

यादी केली. दहाच्या दहा मुली. डॉक्टरांकडे देऊन आले.

बाबांना पडदा दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "हे चौकोन कवायतीले उभे केल्यासारखे काहून दिसून राह्यले?"

खरंच, चौकोन उभ्या ओळींत आहेत. सात महिने, एकोणीस महिने, एकतीस महिने. मधे कोणीच नाही. मी म्हटलं, कापसाचा हंगाम संपल्यावर बाळंतपणं होत असतील. बाबा म्हणाले, "फक्त पोरांचीच?" आणि पेपर वाचायला लागले.

बाबांना संख्याशास्त्र कुठे येतं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

निष्कर्षाचं प्रकरण लिहून काढलं. अकरा पानं. फार छान झालंय.

रविवार, १५ ऑक्टोबर

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

हंसाबाईंना सगळ्या बायकांसमोर सुनावलं. पोरीला कमी देता, म्हटलं. कॅल्क्युलेटर पुढे धरला – हा लखन वर, ही लाली खाली, यंत्र खोटं बोलत नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.

"एका ताटलीत चारतो मी दोघायले. छोरा काय अन् छोरी काय. औंदा ज्वारी पेरली कोणं? साऱ्या वावरात कापूस. कोणाचं काढून कोणाले देऊ, सांग."

मग त्या लखनला मांडीवर घेत म्हणाल्या, "याचं तर मागच्या दिवाळीले गोवर निंघाला तवापासून अंगच धरत नाही."

मागच्या दिवाळीला? तेव्हा तो जन्मला तरी होता का?

"झालता ना. मागच्या सालच्या होळीनंतर पंधरा दिवसांनी झाला. ते होळी हुकली, मंग धुंड औंदा झाली. आमच्या तांड्यात पोराचं वय धुंडीपासून सांगते."

आणि पोरीची धुंडच नसते. म्हणून तिचा जन्म जसाच्या तसा ध्यानात राहतो.

बोटांवर मोजलं. यंत्र हातात असून बोटांवर. अठरा महिने. अठरा महिन्यांचं पोर आणि सहा किलो सातशे. दात दिसले होते मला. मी त्याला लाडाचा म्हटलं, आणि यादीतून बाहेर ठेवलं.

हंसाबाईंचे पाय धरावेसे वाटले. "चुकले," एवढंच म्हणता आलं. त्या म्हणाल्या, "चाल, घरोघर पुन्हा विचारू."

सोमवार, १६ ऑक्टोबर

धुंड न झालेल्या दोघांसकट चौदाही मुलग्यांची वयं नव्याने भरली. ओळी मोडल्या. चौकोन उजवीकडे सरकले आणि पोरींच्या खुणांत मिसळून गेले. कोण वर कोण खाली, काही फरक नाही. ताटली खरंच एक होती. तिच्यातच काही नव्हतं.

अकरा पानं फाडली. रेषेखाली बावीस. सगळ्यात खाली लखन.

उद्या जागा दहा. बावीसही पोरं नेणार आहे. डॉक्टरांशी भांडायला हंसाबाई येताहेत बरोबर.