दादाच्या गाडीला फुंकणी

३ एप्रिल, गुरुवार

खोकं आलं. कोइमतूरहून. दोघांनी धरून उतरवलं. गौसने पट्ट्या कापल्या, आतलं धूड बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही तर फुंकणी हाय!"

सुपरचार्जर म्हणतात, मी म्हटलं.

"तेच की. चुलीला फुंकणी, इंजिनाला हे. हवा कोंबायची, जाळ वाढवायचा."

चार महिने मी इंटरनेटवर डोळे फोडले ते एवढ्यासाठी! गौसने आजवर असलं एकही बसवलेलं नाही. ऊसतोडणी यंत्रांची डिझेल इंजिनं उघडणारा माणूस. पण लातुरात त्याच्याइतका स्वतःवर खूश मेकॅनिक दुसरा नसेल. "पहिली खेप सगळ्यांचीच असती. बिनघोर ऱ्हावा."

दादाला सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

४ एप्रिल

सकाळची बॅच. सरपंचबाईंनी आज क्लच न सोडता अर्धा रस्ता कापला. माझ्या बाजूचा ब्रेक नसता तर पेपरात नाव आलं असतं, त्यांचंही आणि माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचंही.

गंमत अशी की निम्म्या लातूरला गाडी मी शिकवली आणि दादाने त्या दोन सीटच्या गाडीचं स्टिअरिंग मला कधी दिलं नाही. उदगीरला एका गोदामात गोण्यांखाली सापडली होती त्याला. विलायती, बिनछताची, उंदरांनी सीट खाल्लेली. पाटबंधाऱ्याची नोकरी सांभाळून त्याने ती उभी केली. मी कायम डावीकडे. "बेबे, तू बस शेजारी, वारा खा." खाल्ला. केस पांढरे होईपर्यंत खाल्ला.

शुगरने डोळे गेले तेव्हा चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "चालव. पण जशी हाय तशी ठिव." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

आता गाडी माझी आहे, मला ती पळवायची आहे, यात इतकं वाईट काय?

वाईट आहे. माहीत आहे मला.

६ एप्रिल, रविवार

दहाला नांदेडचा फोन. दर रविवारचा नेम. दादा तिकडे गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, वहिनी फोन स्पीकरवर लावून देतात, आणि मी इकडे गाडी सुरू करून फोन इंजिनाजवळ धरते. तो ऐकतो. मग सांगतो: ऑइल जुनं झालंय, तिसरा प्लग काढून बघ. बहुतेक वेळा बरोबर असतो. डोळे गेल्यापासून गाडी त्याच्याकडे एवढीच उरलीय, आवाजापुरती.

आज इंजिन उघडं. कार्बुरेटर टेबलावर. जानेवारीत मोबाइलवर सहज एक रेकॉर्डिंग केलं होतं. ते मोठ्या स्पीकरवर लावलं आणि फोन समोर धरला. हे सुचलं कसं मला? आणि इतक्या पटकन?

"मस्त चाललीय," दादा म्हणाला. "थंडीत चालती तशी."

पुढच्या रविवारी सांगते.

९ एप्रिल

इंजिनात हवा नेणारा जुना मॅनिफोल्ड निघाला, फुंकणी बसली. गौसने पुली उलटी चढवली. हाताने फिरवून बघायच्या आधीच पठ्ठ्याने स्टार्टर मारला. बेल्ट सुटून पत्र्याच्या दारावर असा बसला की शेजारचा टेलर बाहेर आला. "आपल्याकडं आला न्हाई, नशीब म्हना," गौ. चूक झाली असं नाही म्हणाला. त्याच्या शब्दकोशात तो शब्द नाही.

१३ एप्रिल, रविवार

नाही सांगितलं. पुन्हा रेकॉर्डिंग.

दादा ऐकत होता. मधेच म्हणाला, "बेबे, एप्रिलात ढाळे विकायला आले का गं तुमच्या गल्लीत?"

मला आधी कळेना. मग ऐकू आलं. इंजिनाच्या मागे, लांबून, हातगाडीवाल्याची हाळी. हरभऱ्याचे हिरवे ढाळे. संक्रांतीच्या दिवसांतली. मागच्या रविवारीही हेच वाजवलं आणि मला ऐकू आली नव्हती.

"शेजारची पोरं नकला करत असतील," मी म्हटलं.

"आसं का. बरं." हसला. मग उन्हाचं विचारलं, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. गाडीबद्दल पुढे अक्षर नाही.

ओरडला असता तर बरं झालं असतं. फोन ठेवून स्टुलावर बसून राहिले. एक लपवायला दुसरं, दुसऱ्याला झाकायला तिसरं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी शेजारच्या पोरांवर ढकलते आहे.

१७ एप्रिल

बॉनेट बसत नाही. फुंकणीवरचा नवा कार्बुरेटर वर येतो. गौ. म्हणतो कापावं लागतंय. बिजागरीखाली वॉशर टाकून उचलून बघितलं. आ वासल्यासारखं दिसतं.

थांब म्हटलं.

१८ एप्रिल

ते बॉनेट दादाने हाताने केलंय. मूळचं गंजून जाळी झालं होतं. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा आणि सपाट पत्रा. आख्खी दिवाळीची सुट्टी गेली. आई फराळाला हाका मारायची, आम्ही दोघं अंगणात. चार ठोके मारायचे, तळवा फिरवायचा, पुन्हा चार ठोके. पत्र्याचं दुसरं टोक मी धरलं होतं. ठोक्यागणिक कोपरापर्यंत मुंग्या. माझा नवा फ्रॉक काळा झाला म्हणून आईची बोलणी दोघांनी खाल्ली.

फुंकणी उद्या काढून ठेवता येईल. कापलेलं बॉनेट परत जोडता येत नाही.

२० एप्रिल, रविवार

आज सांगायचंच ठरवलं होतं. आरशासमोर वाक्य म्हणून बघितलं. फोनवर वहिनीच होत्या. "आज ताप आहे हो त्यांना, झोपलेत. गाडी राहू द्या."

मला हायसं वाटलं. भावाला ताप आला आणि मला हायसं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला स्वतःला फार चांगली म्हणता येणार नाही.

२१ एप्रिल

कापलं.

गौसने तीनदा विचारलं. "ताई, नक्की? मागून म्हनू नका." मीच म्हटलं, काप. ग्राइंडर लागला तेव्हा तोंड फिरवलं. आवाज मात्र ऐकावाच लागला.

संध्याकाळी कडा कानशीने घासून वर फुगवटा बसवला. पुढे हवेला तोंड. रंग मारला.

छान दिसतं. फार छान दिसतं. तेच तर.

२६ एप्रिल

सुरू झाली! पहिल्या चावीला नाही, पण झाली. पूर्वीची घुरघुर खाली आहेच, तिच्यावर आता एक बारीक शीळ. पाय दाबला की शीळ चढत जाते. गौ. नाचला. टेलरही नाचला, त्याला काय कळलं देव जाणे.

मुरुडच्या रस्त्याला काढली. एसटीच्या मागे होते. उजवीकडे रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला आणि एसटी आरशात गेली! सीटने पाठीत बुक्की मारली. मी मोठ्यांदा ओरडले, बाई माणसाने रस्त्यावर ओरडू नये तसं. इतकी वर्षं डावीकडे बसून जे वाटायचं राहिलं होतं ते सगळं आज एकदम.

मुरुडच्या अलीकडे खडखड. चढावर पाय दिला की इंजिनात कुणीतरी डब्यात खडे हलवतंय. गौ. शेजारी. म्हणाला, "नॉकिंग मारून राहिलीय." उपाय? "बघू की." म्हणजे त्याला माहीत नाही. असंच चालवलं तर पिस्टन जातील. हळूहळू परत आणली.

या इंजिनाचं कुणाला कळत असेल तर एकालाच.

२७ एप्रिल, रविवार

ताप उतरला. आवाज खोल गेलाय. गाडीची बॅटरी उतरली म्हटलं. बरं म्हणाला.

मग मी म्हटलं, दादा, औशाच्या एकाची जुनी गाडी आहे. आपल्यासारखीच. त्याने सुपरचार्जर बसवला, आता नॉक करते.

तिकडे खुर्ची करकरली.

"त्याला म्हनावं, ठिणगीचं टायमिंग मागं घे. लई न्हाई, जरासं. प्लग थंड जातीचे टाक. तरी वाजली तर हेडखाली जाड गॅस्केट. आन् पेट्रोल कुठल्या बी पंपावर भरू नको म्हनावं."

लिहून घेतलं.

"आन् त्याला इचार, कशापायी बसवलं?"

"पळावी म्हणून."

"आदी पळत नव्हती का?"

"त्याला कमी वाटत असेल."

"हां," दादा म्हणाला. "आसंल. हौस आसंल बिचाऱ्याला."

माझ्या तोंडावर आलं होतं, दादा, मीच ती. का नाही बाहेर पडलं? त्याने दार उघडून धरलं होतं आणि मी उंबऱ्यावर उभी राहून औशाच्या माणसाची खुशाली सांगत बसले.

२ मे

टायमिंग, प्लग, गॅस्केट. सगळं त्याने सांगितलं तसं. खडखड गेली. गौ. गल्लीभर सांगतोय, आपणच शोधून काढलं. सांगू दे.

४ मे, रविवार

फोन यायच्या आधीच नांदेडला निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा. पहाटेची हवा, गाडी अशी चालली की रडू यावं. लोह्यानंतर मुद्दाम हळू. पोचूच नये असं वाटत होतं.

दादा फाटकात उभा. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकला असणार. बारीक झालाय फार.

"बंद कर," म्हणाला. बंद केली.

पुढच्या दिव्यापासून हात फिरवत आला. मडगार्ड, मग बॉनेट. फुगवट्याशी हात थांबला. सगळीकडून चाचपला. मग पुढच्या तोंडातून बोटं आत घातली, कापलेल्या कडेवरून सावकाश फिरवली.

"कुनी कापलं?"

"गौसने."

"कुनी सांगितलं?"

"मी."

"कड नीट घासलीय." मग, "तुकडा कुठाय?"

"आहे," मी म्हटलं. काही विचार न करता.

"पुढच्या येळंला घिऊन ये. माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, चक्कर मारू, बस. "ऊन लई झालंय," म्हणाला. सकाळचे नऊ. आत गेला. मला भीती होती तो रागावेल. रागावला नाही. जेवताना ताटात वाढून घे म्हणाला, ठेचा आवडतो ना तुला म्हणाला.

निघताना वहिनी फाटकाशी आल्या. "त्यांना पहिल्याच रविवारी कळलं होतं हो. मी म्हटलं, विचारा की. तर म्हणाले, तिला सांगू दे. सांगंल ती."

५ मे

गौसला विचारलं. तुकडा? कानाला हात लावला. "त्यो तर बाकीच्या पत्र्याबरोबर भंगारात गेला, ताई. तुमी ठिव म्हनला न्हाईत." खरं आहे. नाही म्हटलं.

भंगारवाल्याकडे गेले. ढीग उपसून बघितला, ओढणी फाटली. तो म्हणाला, बाई, तो माल कवाच जालन्याला गेला. भट्टीत.

काय मागितलं होतं त्याने? तळव्याएवढा पत्रा.

७ मे

गौ. स्वतःहून आला. माझं तोंड बघवत नसेल. "ताई, त्यात काय एवढं? दुसरा बनवून देतो. तेच माप, तोच बाक. दादांना दिसतंय कुठं?"

थोबाडीत द्यायला हवी होती. निदान नाही म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, "पत्रा जुना घे."

८ मे

बॅचला गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं. तेही खोटं.

१० मे, शनिवार

आणून दिला. जुन्या जीपच्या दाराचा पत्रा, वाळूच्या पिशवीवर ठोकलेला. एका बाजूला आमच्या गाडीचा हिरवा रंग. घासून जुना केलेला, कडेला गंजही आहे. गौ. कधी नव्हे तो गप्प होता. "जमलंय ना?" एवढंच.

डोळे मिटून तळवा फिरवला. जमलंय.

वहिनींचा फोन. उद्याची वाट बघतायत, सकाळपासून दोनदा विचारलं.

११ मे, रविवार

चहा झाला. गाडी बाहेर काढून ठेवलीय, इंजिन गरम होऊ दे. तुकडा डावीकडच्या सीटवर, रुमालात.

पोचल्यावर काय बोलायचं ते ठरवतेय आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात चाकूरपर्यंतच पोचतेय. दादा, हा तो नव्हे. इतकी लहान गोष्ट आहे. पण ती म्हटली की मग ढाळेही सांगावे लागतील, औशाचा माणूसही, त्याच्या तापाने हायसं वाटलं तेही. आणि नाही म्हटली, तर हातात ठेवायचा आणि बघत बसायचं.

तो ओळखेल याची भीती वाटत होती रात्रभर. आता वाटत नाही. ओळखलं तर बोलेल, निदान आता तरी बोलेल. पण नाही ओळखला तर? खूश झाला, उशाशी ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला तर?

लोह्यापर्यंत काही ना काही ठरेल. निघते.