शिवीखालचा अंगठा

मंगळवार, दहिसर

दोन दिवस वहीला हात लावला नाही, माफी असावी. लिहायचीच किळस आली होती.

आमची लेक नंदू पुण्यात बसून कॉम्प्युटरची एक भाषा फुकट सांभाळते. त्या भाषेतला जुना भाग काढणार, अशी नोटीस तिने वर्षभर आधी दिली होती. वाचली कोणी? पाणी जाणार म्हटलं की चाळीत माणसं पिंप तरी भरतात. आता भाग काढल्यावर लोकांची कामं अडली आणि इंटरनेटवर तिलाच शिव्या. 'अक्कल नसेल तर सोड हे काम.' शी.

थोरला दिलीप त्याच धंद्यातला, त्याने वाचून दाखवलं. "बाबा, तिथे असंच बोलतात." शिवी पटली की खाली अंगठा देतात म्हणे. त्या अंगठ्यांत दिलीपचंच नाव.

"माझंही काम अडलं, चिडलो होतो. कोणाला बोलतायत ते कुठे बघितलं?"

सख्खा भाऊ. आणि अंगठा.

नंदू, तू ते पाहिलं नसशील ना? परवापासून तुझा फोन बंद आहे. एक मिसकॉल तरी दे.