कर्ण्यातली ठकी

तलासरी,
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

चंद्रे,

तिकडे झाईला सगळं ठीक असेल असं धरून चालते. उमेशरावांना माझा नमस्कार सांग. दहा महिने उशिरा निघालाय, तरी घ्या म्हणावं.

पत्र रुचिकाच्या हाती देते आहे. ती शाळेत शिकवायला रोज तुझ्याच गावी येते. फोन का केला नाही ते पुढे लिहिते. आधी तुझ्या मांजरांची तक्रार ऐक. तुझ्याच म्हणायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न करून निघालीस, तेव्हा कपडे नेलेस, शिलाई मशीन नेलंस आणि हे दोन जीव थोरल्या बहिणीच्या पदरात टाकून गेलीस.

सरपंचापासून सुरू करते. काही न करता ओट्यावर बसून असतो म्हणून तूच त्याचं हे नाव ठेवलंस. तू गेल्यावर मी खाते तोच डाळभात त्याला वाढला. त्याने आधी भात पाहिला, मग मला पाहिलं, आणि घाण झाकावी तसा जमिनीवर पंजा ओढत राहिला. माझ्या स्वयंपाकावर इतकं स्पष्ट मत आजवर कोणी दिलं नव्हतं. मग सुके बोंबील आणले. आठवड्याचे बोंबील त्याने एका दुपारी संपवले, ठकी मांजरीचा वाटासुद्धा. मी त्याला समोर बसवून समान वाटपावर अर्धा तास ऐकवलं. ऐकता ऐकता तो झोपला. शेजारच्या सोमीला म्हटलं, "माझ्या सभेत आजवर कोणी झोपलं नाही."

ती म्हणाली, "झोपायचे ना, ताई. तुम्हाला वरून दिसत नसतील."

ऑगस्टमध्ये सरपंचाने माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणला आणि तो सोमीकडे राहायला गेला. आता तिच्या भाताच्या कोठीवर लोळतो. सुरुवातीला मी अंगणातून हाक मारली तर एक कान हलवायचा, मान वळवायचा नाही. तू चुलीजवळून नुसतं "ये रे" म्हणालीस की शेताच्या बांधावरून धावत यायचा. मी हल्ली चमच्याने ताटली वाजवते.

ठकीने तर त्याहून मोठं काम केलंय. तीन आठवड्यांपूर्वी तिने आपल्या संघटनेच्या कर्ण्यात चार पिल्लं घातली. तोच जुना पत्र्याचा कर्णा, ज्यातून माझा आवाज नाक्यापासून पार पाड्यापर्यंत जायचा. ट्रंकेवर आडवा पडला होता. धूळ जाऊ नये म्हणून मी त्याच्या तोंडात एक फडकं कोंबून ठेवलं होतं. त्याचंच तिने आत अंथरूण केलं. पिल्लं आत केकाटली की घर दणाणतं. आपल्या घरात आता भाषणं तेच चौघे करतात.

परवा शुक्रा आला. संघटनेचं सगळं काम आता तोच बघतो. रविवारी, एकोणीस तारखेला, नाक्यावर सभा आहे. म्हणाला, "ताई, कर्णा काढा, पुसून ठेवतो." मी पिल्लं टोपलीत ठेवली. ठकीने एकेकाला मानगुटीला धरून परत आत नेलं. टोपली चुलीजवळ सरकवली, तरी तेच. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातावर चार ओरखडे काढले.

शुक्रा हसायला लागला. "सोडा ताई. तीन आठवड्यांची वहिवाट आहे तिची. कबजा सिद्ध होतो."

"मग नोटीस दे तिला."

"तुम्हीच द्या. चाळीस वर्षं नोटिशी फाडल्यात, एखादी लिहून तर बघा."

मी मान खाली घालून कर्ण्याशी वाकले. त्याला वाटलं, मी हरले म्हणून. तसं नव्हतं. मी फडक्याकडे बघत होते.

निळं आहे, चंद्रे. तुझ्या जुन्या लुगड्याचं. त्या दिवशी भाकऱ्यांचा डबा तू त्यात बांधून आणला होतास.

तो गेल्या मार्चमधला मोर्चा. लग्नाला दोन महिने झाले होते तुझ्या. झाईहून बसने आलीस, मोर्चातल्या बायकांना पुरतील इतक्या भाकऱ्या घेऊन, आणि सभेत शेवटच्या ओळीत बसलीस. माझ्या मनात राग होता. लोकांना सांगत होते की चळवळीचं एक माणूस कमी झालं. खरं तर घरी आल्यावर चूल थंड असायची, एवढाच राग होता. चाळीस वर्षं मी बाईच्या कष्टाला मोल मागत फिरले आणि माझ्या पाठीमागे रोज कोण राबतंय हे वळून पाहिलं नाही. तू दिसलीस आणि मी कर्ण्यातून म्हणाले, "माझ्या घरात दोन मांजरं आणि एक बहीण होती. मांजरं तरी घर सोडून जात नाहीत."

लोक खूप हसले. मला आणखी जोर चढला. भाषण संपवून खाली पाहिलं तर तुझी जागा रिकामी होती आणि डबा मंडपाच्या खांबाशी ठेवलेला होता.

ते वाक्य खोटं होतं, हे सरपंचाने सिद्ध केलं. ठकी राहिली, तीही त्या फडक्याला तुझा वास आहे म्हणून राहिली असेल.

आता फोनचं. पावसाळ्यापासून आवाज बसलाय. घोषणांमुळे असेल म्हणून काढे प्यायले. घशात गाठ निघाली. तू मशेरीचा डबा लपवायचीस आणि मी शोधून काढायचे, ते आठवतं. गुरुवारी, तेवीस तारखेला, मुंबईला ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर लिहून किंवा खुणेने जे होईल ते. डॉक्टरांना विचारलं, रविवारी पाच मिनिटं बोलू का? ते म्हणाले, "निघेल तेवढं बोला."

शुक्रा आधी भाड्याने साउंड आणणार होता. मला तोच कर्णा हवा होता. ज्यातून ते वाक्य गेलं, त्यातूनच ते परत घ्यायचं होतं. काल रात्रभर विचार केला. ठकीला मी तिथून उठवणार नाही. जन्मभर लोकांची घरं वाचवत फिरले आणि शेवटच्या भाषणासाठी एका बाळंतिणीला बाहेर काढू?

भाड्याचाही नको. ही खरखर मोठी करून कोणाला ऐकवू? मी जे बोलेन ते शुक्रा मागून मोठ्याने सांगेल, लोकांना त्याच्याकडून कळेल. पण माझा स्वतःचा आवाज आता चार हातांपलीकडे जात नाही. माफीचं वाक्य इथे लिहीत नाही. चारचौघांत बोलून दुखावलं, त्याची माफी कागदावर गुपचूप मागणं मला पटत नाही.

रविवारी नाही आलीस तर तुला दोष देणार नाही. पिल्लांचे डोळे उघडलेत. त्यांना सोमी बघेल, मी सांगून ठेवलं आहे.

पण आलीस तर शेवटच्या ओळीत बसू नकोस. अगदी पुढे बस.

बाकी तोंडी.

तुझी ताई,
बायजी